वाचनाला कामाला जुंपू नका

दरवर्षी 15 ऑक्टोबरला आमच्या शाळेत वाचन प्रेरणा दिन होतो. डॉ. अब्दुल कलाम यांच्या तसबिरीला हार घालतात, मुलांना पुस्तक उघडून बसवतात, फोटो काढतात, फोटो वर पाठवतात आणि मग भाषण. 2015 पासून राज्यभर हा दिवस पाळला जातो. आमच्याकडचं भाषण बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला येतं, कारण मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते आणि माईक हातात आला की लवकर सोडत नाही. रामेश्वरमला वर्तमानपत्रं वाटणारा मुलगा, त्यानंतर 'वाचाल तर वाचाल', आणि शेवटी 'इक़रा'. मुलं टाळ्या वाजवतात. कुणी जांभई दिली तर मी डोळे वटारते.

यातली निदान सहा-सात भाषणं केली तेव्हा मी स्वतः हौसेनं एकही पुस्तक वाचत नव्हते. पाठ्यपुस्तक वाचत होते, परिपत्रकं वाचत होते, उत्तरपत्रिका तर ढिगानं वाचत होते. पण रात्री पुढं काय झालं असेल या ओढीनं पान उलटणं माझ्यातून केव्हाच गेलं होतं. उर्दूत आपण ज्याला शौक म्हणतो, तो शौक उरला नव्हता. तरी भाषण छान व्हायचं. उलट मी वाचत होते तेव्हापेक्षा जास्त छान व्हायचं.

'वाचाल तर वाचाल' ही कोटी एकदा नीट ऐका. पहिलं वाचणं पुस्तकाचं, दुसरं जिवाचं. म्हणजे नाही वाचलंत तर मेलात. आठवीतल्या पोराला आपण हे सांगतो आणि मग त्याला पुस्तकाजवळ जावंसं का वाटत नाही म्हणून चर्चासत्र भरवतो. कुणी आंब्याबद्दल असं बोलतं का? खाल तर जगाल?

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या घरांतून, शाळांतून, मोहल्ल्यांतून हौसेचं वाचन मोबाइलनं मारलेलं नाही. आपण मारलं आहे. वाचनाचे जे सगळ्यात मोठे कैवारी, म्हणजे शिक्षक, समाजसुधारक, जलशातले वक्ते, करिअर मार्गदर्शन करणारे भाईजान, त्यांनी वाचनाला कामाला जुंपलं आणि त्यातच ते गेलं. या यादीत माझं नाव वरच्या बाजूला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

माझं लहानपण सोलापूरचं. अब्बा मागावर होते. पाळी बारा तासांची. घरी आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन, बल्बखाली पालथे पडून इब्ने सफ़ी वाचायचे. विजापूर वेशीकडं एका लाकडी खोक्यात भाड्यानं पुस्तकं देणारे एक चाचा होते. दिवसाचं भाडं आठ आणे. अनामत ठेवायला पैसे नसले तर अब्बांचं नाव पुरायचं. पुस्तक आणायचं काम माझं, परत द्यायचं कामही माझं, आणि मधल्या रस्त्यात चार पानं वाचून घेणं ही माझी मजुरी. कर्नल फ़रीदी, कॅप्टन हमीद आणि तो वेडा इमरान मला असे रस्त्यात चालता चालता भेटले. एकदा वाचत चालताना सायकलवाल्याला धडकले, कपाळावरची खूण अजून आहे. पुढं कळलं की याच कादंबऱ्या हिंदीत निघायच्या तेव्हा फ़रीदीचा विनोद व्हायचा. अब्बांना हे सांगितलं तर ते इतके हसले की ठसका लागला.

मराठी पुस्तकं रद्दीच्या दुकानातून यायची. तिथं बाबूराव अर्नाळकर. हजाराहून जास्त पुस्तकं लिहिलेला माणूस, त्यामुळं रद्दीत त्यांचा कधी तुटवडा नसे. झुंजार, धनंजय, काळा पहाड. मी उर्दू शाळेत, घरात दखनी, गल्लीत अर्धी तेलुगू. मराठी मला शाळेतल्या पुस्तकानं शिकवली नाही, झुंजारनं शिकवली. 'सावधपणे पावलं टाकत' म्हणजे काय हे मला व्याकरणाच्या आधी कळलं. आज मी मराठीची शिक्षिका म्हणून पगार घेते, त्यात अर्नाळकरांचा वाटा आहे.

बघा, मी परत उपयोगावर आले. हौसेच्या वाचनाची बाजू मांडायला बसले आणि चौथ्या वाक्यात त्याचा पगार मोजायला लागले. सवय जात नाही. अब्बांना इब्ने सफ़ी वाचून काय मिळालं? नोकरी बदलली नाही, पगार वाढला नाही. रात्रीचे दोन तास ते मागाच्या खडखडाटातून बाहेर असायचे, एवढंच. एवढ्यानं भागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी बारा तास मागावर उभं राहून बघावं.

मग हे माझ्यातून गेलं कसं? एका दिवसात नाही. सुरुवात बीएडला झाली असं मला वाटतं. पाठ टाचण. प्रत्येक पाठाला सामान्य उद्दिष्टं, विशिष्ट उद्दिष्टं, अपेक्षित वर्तनबदल. कवितेला सुद्धा वर्तनबदल! वर्षभर अशी टाचणं लिहिली की डोळ्यांना वळण लागतं. पुढं नोकरी लागली, हातात लाल पेन आलं. मग कृतिपत्रिका आल्या. आकृती पूर्ण करा, चौकटी पूर्ण करा, कोण कोणास म्हणाले, स्वमत लिहा. काही वर्षांनी एक चांगली कादंबरी हातात घेतली आणि दुसऱ्या पानावर लक्षात आलं, मी मनात चौकटी आखते आहे. 'नायकाच्या स्वभावाची चार वैशिष्ट्ये.' मिटून ठेवली.

लग्न झालं होतं. सासरचे लोक चांगले, शिकलेले. कुणी वाचू नको म्हटलं नाही. पण दुपारी पुस्तक घेऊन बसले की कुणीतरी मायेनं विचारायचं, "काही परीक्षा आहे का, बेटा?" परीक्षा असती तर चहासुद्धा हातात मिळाला असता. नव्हती, म्हणून मीच उठून चहा टाकायची. पाच-सात वर्षं हा प्रश्न ऐकला की माणूस तो स्वतःलाच विचारायला लागतो. काही परीक्षा आहे का? नाही ना? मग कपड्यांच्या घड्या घाल. स्मार्टफोन माझ्या हातात आला तो या सगळ्यानंतर. घर रिकामं झाल्यावर भाडेकरू आला, आणि आता आपण घर रिकामं केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवतो आहोत.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. दोनदा जानेवारीत यादी केली, वर्षाला चोवीस पुस्तकं, महिन्याला दोन. एका वर्षी क़ुर्रतुलऐन हैदरांची 'आग का दरिया' घेतली, कारण उर्दूच्या शिक्षिकेनं ती वाचलेली नसणं ही शरमेची गोष्ट. शरमेनं साठेक पानं गेली. पुढं शरमेलाही थकवा आला. त्या थोर कादंबरीचा दोष नाही. मी तिच्याकडं पाहुणी म्हणून गेलेच नव्हते, हप्ता भरायला गेले होते.

आता जे सांगायचं ते सांगते.

तीन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगी शेवटच्या बाकावर भूगोलाचं पुस्तक उभं धरून वाचत होती. भूगोल इतक्या तल्लीनतेनं कुणी वाचत नाही. जवळ गेले तर आत डायजेस्ट. दिल्लीहून निघणाऱ्या उर्दू महिला डायजेस्टांपैकी एक, कव्हर फाटलेलं, तेलाचे डाग पडलेलं. दहा हातांतून फिरून आलेलं. मी ते हिसकावलं, वर्गासमोर दोन वाक्यं बोलले, ती इथं लिहायची माझी हिंमत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावून घेतलं. आई घरी टॉवेलच्या कडा शिवते, नगावर पैसे. काम सोडून आली होती. मी तिला सांगितलं की मुलगी हातची चालली आहे, असलं वाचून डोकं बिघडतं, दहावी तोंडावर आहे. ती मान हलवत होती. जाताना म्हणाली, "आप फिकर नक्को करो टीचर."

ते डायजेस्ट माझ्या पिशवीत राहिलं. आठवड्यानं एका संध्याकाळी वीज गेली, फोन उतरला होता, घरात मेणबत्ती. मुलं त्यांच्या फुप्पीकडं. पिशवीत हात घातला तर उत्तरपत्रिका आणि ते डायजेस्ट. मेणबत्तीत उत्तरपत्रिका कोण तपासणार? डायजेस्ट उघडलं. आधी लाल पेनानं वाचत होते, म्हणजे हसत होते. इमला चुकलाय, हा शब्द दोनदा आलाय. एक मालिका होती, सातवी क़िस्त. दोन बहिणी, एक वाडा, वाटणीचा खटला आणि कुलूप लावलेली एक खोली. कुणी थोर लेखिका नव्हती. सातव्या क़िस्तच्या शेवटी धाकटी बहीण त्या खोलीची किल्ली मिळवते, दारापर्यंत जाते, आणि 'बाक़ी आइंदा'.

मी पान उलटलं. मागं जाहिरात होती, गोरं करणाऱ्या क्रीमची. मी खरंच चिडले. मग लक्षात आलं की किती वर्षांनी मी एखाद्या पानावर चिडले होते. त्या खोलीत काय आहे? रात्री झोप येईना. पन्नाशीकडं झुकलेली बाई, दोन मुलांची आई, आणि कुणा परक्या वाड्यातल्या खोलीसाठी जागी!

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, "याच्या पुढचा अंक आहे का तुझ्याकडे? आणि मागचे?" ती भिंतीला चिकटली. तिला वाटलं, हा सापळा आहे. बऱ्याच वेळानं खाली बघत म्हणाली, "नै टीचर. अम्मी सब चुल्हे में डाल दी." अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीत. एक नाही, गठ्ठाच. तिच्या ख़ालानं जमवलेले, कितीतरी वर्षांचे. "आप बोले ना," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. कारण विचारलं म्हणून कारण सांगितलं.

उर्दू शिकवणाऱ्या कुणालाही इथं एक पुस्तक आठवेल. डिप्टी नज़ीर अहमदांचं 'तौबतुन्नसूह'. नसूह कॉलऱ्यातून वाचतो, आजारात स्वप्नात क़यामत बघतो, आणि उठल्यावर घर सुधारायला घेतो. थोरला मुलगा कलीम शायर आहे, किस्से-कहाण्यांचा शौकीन. तो ऐकत नाही, घर सोडून जातो. मग नसूह त्याची पुस्तकं जाळतो. बायको चकित होते, तेव्हा तो तिला आठवण देतो की तुला गुलिस्तां शिकवताना त्यातल्या कितीतरी ओळी मला आधी झाकाव्या लागल्या होत्या. शेख़ सादींनाही सुटका नाही! हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांनी इस्लाहचं पुस्तक म्हणून मुलींच्या हातात दिलं. मी स्वतः ते शिकवलं आहे. त्या आगीला मी कधी थांबले नव्हते. नसूहची उद्दिष्टं, अपेक्षित वर्तनबदल, पुढचा प्रश्न.

नज़ीर अहमदांचा मी अपमान करत नाही. त्यांची 'मिरात-उल-उरूस' 1869 ची, उर्दूतली पहिली कादंबरी तिलाच मानतात, सरकारनं हजार रुपयांचं बक्षीस दिलं. मुलींनी शिकावं म्हणून लिहिली, आणि मुली शिकल्या. पण बघा, 1857 नंतरच्या त्या पिढीला आपण हरलो ते आपल्या शौकांमुळं हरलो असं वाटत होतं. पतंग, कबूतरं, मुशायरे, दास्तानी, सगळं एका गाठोड्यात बांधून फेकायचं होतं. आणि फक्त आपलंच असं नाही. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', तीही 1857 ची आणि तीही विधवांच्या दुःखावर सुधारणेसाठी लिहिलेली. दोन्ही भाषांत कादंबरी जन्मली आणि लगेच तिला कामावर पाठवलं. बालमजूरच म्हणा.

गंमत अशी की लोकांनी ऐकलं नाही. नसूहनं पुस्तकं जाळल्यानंतर काही वर्षांतच, 1883 पासून, लखनौच्या नवल किशोर प्रेसनं 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे जाडजूड खंड काढायला सुरुवात केली. जादूगार, अय्यार, हजारो पानं, उपयोग शून्य. लोक तुटून पडले. त्याआधी ग़ालिबनंही एका पत्रात दास्तान-ए-अमीर हमज़ा आणि बोस्तान-ए-ख़यालचे खंड घरी आल्याचा आनंद कळवला आहे. त्याबरोबर आणखी कशाचा साठा घरात आहे तेही त्यात आहे, ते शिक्षिकेनं सांगणं बरं नाही. आणि 'तौबतुन्नसूह'मध्ये सुद्धा लक्षात कोण राहतो? कलीम. बापाचं नाव पुस्तकाला आहे, जीव मुलात आहे. मोठ्या लेखकाचं असंच होतं, हातातली लेखणी त्याच्या मताचं ऐकत नाही.

जलशात याला धर्माचा आधार देतात. किस्से-कहाण्या म्हणजे लहव, वेळेची नासाडी, हशरच्या दिवशी वेळेचा हिशेब द्यावा लागेल. मी आलिमा नाही, फ़तव्याच्या वादात मी पडणार नाही. पण सूरह यूसुफच्या सुरुवातीला त्या कथेला सर्वोत्तम कथा म्हटलंय, हे मला बालपणी मकतबात याच लोकांनी शिकवलं. बसऱ्याचा अल-जाहिज़ नवव्या शतकातला. तो पुस्तकांच्या दुकानात रात्रभर वाचत बसण्यासाठी दुकानंच भाड्यानं घ्यायचा असं सांगतात. त्यानं कंजूष लोकांवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि वाचणारा कंटाळू नये म्हणून गंभीर विषयात थट्टा मिसळतो हे तो स्वतःच सांगतो. वाचणाऱ्याच्या कंटाळ्याची एवढी काळजी आमच्या एकाही वक्त्याला नाही. 'इक़रा'चा बॅनर लावतात, खाली मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो, आणि त्या बॅनरच्या मागच्या खोलीत पुस्तकांचं कपाट कुलूपबंद.

ही कपाटाची गोष्ट अलंकारिक नाही. आमच्या भागात गेल्या काही वर्षांत 'वाचनालय व अभ्यासिका' नावाच्या दोन जागा उघडल्या. मी दोन्हीकडं गेले. लांब टेबलं, खुर्च्या, वायफाय, भिंतीवर कलेक्टर झालेल्या मुलांचे फोटो. स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली. माझा भाचाही त्यांच्यात आहे, त्याच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण एका ठिकाणी पुस्तकांचं कपाट टेबलांमागं ढकललेलं, ते उघडायचं तर चार मुलांना उठवावं लागतं. दुसऱ्या ठिकाणी किल्ली ज्यांच्याकडं आहे ते जुम्म्याला येतात. कादंबरी घरी न्यायची आहे म्हटल्यावर तिथला मुलगा गोंधळला. म्हणाला, "मॅडम, इथं वाचायला कुणी येत नाही, अभ्यासाला येतात." आणि मुलींसाठी जागा? एका ठिकाणी आहे, संध्याकाळी पाचपर्यंत.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे. गावोगावच्या वाचनालयांतून साध्या बायका पिशवीत दोन कादंबऱ्या टाकून घरी न्यायच्या. त्यातली कितीतरी पुस्तकं कोणत्याही परीक्षेत आली नाहीत. ती पिशवी आता आपल्या मोहल्ल्यात कुठं भरायची, एवढंच मी विचारते आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप मला माहीत आहे, आणि तो माझ्याच स्टाफरूममध्ये रोज ऐकते. "मॅडम, हौस ही भरल्या पोटाची गोष्ट. आपली कौम कुठं आहे ते बघा. 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, काय बदललं? आपल्या पोरांना आधी डिग्री, नोकरी. कादंबऱ्या नंतर." हे बोलणारा माझा सहकारी प्रामाणिक आहे, गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरतो. म्हणून त्याला उत्तर दिलंच पाहिजे.

पहिलं असं, की 'नंतर' येत नाही. माझी बीएड झाली, नोकरी लागली, कायम झाले, सातव्या आयोगाचा पगार आला, आणि तोवर वाचणारी बाई शिल्लक नव्हती. दुसरं, श्रीमंत घरातल्या मुलाला कुणी विचारत नाही की हॅरी पॉटर वाचून तुझ्या समाजाचं काय भलं झालं. हा प्रश्न फक्त आपल्या मुलांना. त्यांनी जन्मभर अहवालातल्या आकड्यासारखं जगायचं, प्रत्येक तास देशाला आणि कौमला हिशेब देत. ही दया नाही, हा अविश्वास आहे. आणि तिसरं, अब्बा. भरल्या पोटाचे नव्हते.

आणखी एक गोष्ट इथं सांगते, ती या पानावर येणाऱ्या मुस्लिमेतर वाचकांसाठी. आमच्या लेखकांनाही तुम्ही असंच वाचता. हमीद दलवाईंची 'इंधन' 1965 ची. कोकणातल्या गावाची, माणसांच्या जवळिकीची आणि जळण्याची काय जबरदस्त कादंबरी आहे! पण जो तो ती 'मुस्लिम प्रश्न' समजून घ्यायला वाचतो. मेहरुन्निसा दलवाईंचं 'मी भरून पावले आहे' म्हणजे चळवळीचा दस्तऐवज. असेलही. पण त्या बाईच्या सांगण्यातली मजा, तिचा मिश्किलपणा, तो कुठं गेला? 1990 मध्ये सोलापूरलाच पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, मी शाळेत होते. तेव्हापासून किती परिसंवाद झाले असतील, पण 'या पुस्तकानं मला रात्री जागवलं' असं कुणी व्यासपीठावरून सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. आमची दुःखं उपयोगी असतात. आमची गंमत कुणाच्या उपयोगाची नाही, म्हणून ती कुणी वाचत नाही, आणि हळूहळू कुणी लिहीतही नाही.

माझं वाचन परत आलं का? आलं, लंगडत. त्या डायजेस्टनंतर मी पहिल्यांदा एक पुस्तक अर्ध्यात सोडलं आणि मला वाईट वाटलं नाही. पुढं कंटाळवाणी पानं उडवायला लागले. इब्ने सफ़ी पुन्हा वाचला, काही जागी फसवा निघाला, काही जागी अब्बा हसायचे तिथंच हसले. 'होशरुबा'चा पहिला खंड दीड वर्ष चालू आहे, संपवायची घाई नाही. दुपारी पुस्तक घेऊन बसते. परीक्षा आहे का असं विचारणारं माणूस आता घरात नाही, अल्लाह त्यांना जन्नत देवो. त्यांच्याशी तेव्हा बसून एखादी गोष्ट वाचायला हवी होती. त्यांनाही आवडली असती.

या वर्षी वर्गात एक पेटी ठेवली आहे. चपलांच्या दुकानातून आणलेलं खोकं. त्यात रद्दीतून आणलेले अर्नाळकर, उर्दू मासिकं, भुताच्या गोष्टी, आणि हो, डायजेस्ट. अट एकच, वाचून झाल्यावर मला काहीही सांगायचं नाही. सारांश नाही, बोध नाही, आवडलेलं पात्र नाही. पुस्तक हरवलं तर हरवलं. आतापर्यंत अकरा हरवली, त्यातली काही तरी चुलीत गेली असतील हे मी धरून चालते.

मुख्याध्यापकांनी उपक्रमाची नोंदवही पाठवली आहे. उपक्रमाचं नाव, सहभागी विद्यार्थी, उद्दिष्ट, फलनिष्पत्ती. पहिले दोन रकाने भरले. उरलेल्या दोन रकान्यांवरून आमच्यात दोनदा वाद झाला, तपासणी पुढच्या महिन्यात आहे, आणि मी ते रकाने कोरेच ठेवणार आहे.

ती मुलगी आता अकरावीला आहे, दुसऱ्या कॉलेजात. परवा बाजारात तिची आई भेटली. सलाम झाला. मी विचारलं, मुलगी वाचते का काही? ती घाईनं म्हणाली, "नै नै टीचर, अब कुछ नै पढती. आप बोले तबसे बिलकुल नै."